मुख्याध्यापक आणि मुलांचे शिकणे

मुख्याध्यापकाचा मुलांच्या शिकण्यावर होणारा परिणाम बहुतांशी शिक्षकांमार्फत होतो. कॅनडातील अभ्यासक केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की शाळेच्या हातात असलेल्या घटकांपैकी वर्गातील अध्यापनाखालोखाल वजन शाळेच्या नेतृत्वाला आहे. वर्ग शिक्षकाचा असतो. त्या वर्गात काय घडू शकते, हे बरेचसे मुख्याध्यापक ठरवतो.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून अशा नेतृत्वाची पाच अंगे सांगितली: ध्येये व अपेक्षा ठरवणे, साधने योग्य ठिकाणी वापरणे, अध्यापनाचे नियोजन व मूल्यमापन, शिक्षकांच्या शिकण्यात सहभाग आणि शाळेतील शिस्तीचे, सुरक्षित वातावरण. यांत सर्वाधिक परिणामकारक ठरला तो शिक्षकांच्या शिकण्यातील सहभाग. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवून मोकळे होणे म्हणजे सहभाग नव्हे. त्यांच्याबरोबर स्वतः बसून शिकणे म्हणजे सहभाग.

महाराष्ट्रातील शाळेत याची साधने नवी नाहीत. पाठनिरीक्षण हे त्यांतले मुख्य. टाचण पूर्ण आहे का, फळ्यावर तारीख आहे का, एवढेच पाहून लॉगबुकात ‘पाठ समाधानकारक’ असा शेरा मारला, तर शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. हातच्याची वजाबाकी कोणत्या मुलांना जमली नाही, ती नेमकी कुठे अडली आणि उद्या त्यांच्यासाठी काय करायचे, यावर पाठानंतर दहा मिनिटे बोलणे झाले, तर निरीक्षणाचे चीज होते. संकलित मूल्यमापनाच्या गुणांचेही तसेच. गुणतक्ता वर पाठवण्यापूर्वी शिक्षकांनी तो एकत्र बसून वाचला, तरच पुढच्या महिन्याचे अध्यापन बदलते.

वेळापत्रक हेही नेतृत्वाचेच काम आहे. पहिली-दुसरीला कोणता शिक्षक द्यायचा, भाषा आणि गणिताच्या तासिका कार्यक्रमांच्या तयारीत जाऊ द्यायच्या की नाही, हे निर्णय मुख्याध्यापकाचे. पायाभूत वाचन-लेखन ज्या वर्गांत घडते, तिथे अनुभवी शिक्षक देणे हा त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय.

अडचण वेळेची आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीत 150 पेक्षा, तर सहावी ते आठवीत 100 पेक्षा अधिक मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक असावा लागतो. त्याहून लहान शाळेत बहुधा वर्गशिक्षकाकडेच मुख्याध्यापकाचा प्रभार असतो. त्यातच पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा आणि तातडीने मागवलेले तक्ते. द्विशिक्षकी शाळेत तर प्रभारी मुख्याध्यापक कागद भरत असताना त्याचे वर्ग दुसऱ्या शिक्षकावर पडतात.

म्हणून मुख्याध्यापकांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. माहिती एकदाच मागवणे, केंद्रपातळीवर कारकुनी मदत देणे आणि शिक्षण परिषदेत परिपत्रकांऐवजी पाठांवर चर्चा करणे, एवढे झाले तर मुख्याध्यापकाला वर्गापर्यंत पोहोचता येईल. वर्गापर्यंत न पोहोचणारा मुख्याध्यापक शाळा चालवू शकतो. मुलांचे शिकणे सुधारू शकत नाही.