सांडलेला तांब्या

पहाटे कपाटाचं दार करकरलं, तेव्हाच मला कळलं. जाऊन बघतो तर सात वर्षांचे आमचे चिरंजीव ओली चड्डी दप्तरामागे कोंबत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "बाबा, पाण्याची बाटली सांडली." बाटली स्वयंपाकघरात ओट्यावर होती. भरलेली.

गादीचं मला काही वाटलं नाही, तिच्याखाली मेणकापड होतंच. पण ही थाप सुचण्याइतकी लाज या पोराला कुणी शिकवली? उत्तर समोरच्या भिंतीवर होतं. कोरड्या रात्रीला कॅलेंडरवर एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की सायकलला नवी घंटी, ही माझीच शक्कल. महिनाभरात चांदण्या लागल्या चार. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "हे काय रे लावलंयस?" आणि चिरंजीव आतल्या खोलीत पसार व्हायचे. बक्षीस म्हणून टांगलेलं ते कॅलेंडर रोज सकाळी त्याची हजेरी घेत होतं. त्यात आजीची भर: "एवढा घोडा झाला तरी…" विस्तवाशी खेळलं की रात्री अंथरूण ओलं होतं, हे तिचं जुनं शास्त्र. आमच्या फ्लॅटात विस्तव कुठला? मग तिनं दिवाळीतल्या फुलबाज्यांवर आळ घेतला.

शेवटी बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "लहानपणी तुमच्यापैकी कुणाला हा त्रास होता?" बायकोनं मान हलवली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत म्हणालो, "छे!"

माझीही बाटली सांडली होती.

बाईंनी ताणलं नाही. त्या त्याच्याशीच बोलायला लागल्या, हे मला आवडलं. रात्री आपला मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतो, त्यामुळे झोपेत लघवी कमी तयार होते. काही मुलांत हे वेळापत्रक उशिरा बसतं. काहींच्या मूत्राशयात रात्रभराचं मावत नाही. आणि भरलेल्या मूत्राशयाची हाक गाढ झोपेत वरपर्यंत पोचतच नाही. पोट साफ नसेल तर आतडं मूत्राशयावर दाब देतं, तेही एक कारण. "म्हणजे तू करत नाहीस, ते होतं," त्या म्हणाल्या. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण 15 जणांचं अंथरूण ओलं होतं, आणि त्यापुढे दर वर्षी त्यातली 15 टक्क्यांच्या आसपास मुलं काही न करता कोरडी होतात. चिरंजीवांनी बोटं मोजली आणि विचारलं, "मग माझ्या वर्गात अजून कोण?"

पुढचं माझ्यासाठी होतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या घरात. दोघांना असेल तर 70 च्या पुढे. मी पुन्हा तक्ता वाचायला लागलो.

उपाय साधेच निघाले. दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेतानं. चहा आणि कोला बंद. झोपण्याआधी दोनदा शू: एकदा दात घासताना, एकदा दिवा मालवताना. चांदणी द्यायचीच तर या दोन खेपांना द्या, कारण तेवढंच त्याच्या हातात आहे. मध्यरात्री उचलून न्याल तर त्या रात्रीची गादी वाचेल, सवय लागणार नाही. शिक्षा अजिबात नाही. एवढ्यानं भागलं नाही तर ओल लागताच वाजणारा गजर असतो; 1938 साली अमेरिकेतल्या मौरर दांपत्यानं त्याची पद्धत मांडली. सुरुवातीला त्यानं सगळं घर उठतं, फक्त मूल झोपलेलं असतं, म्हणून दोन-तीन महिन्यांचा धीर लागतो. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, त्याला सारखी तहान लागू लागली किंवा लघवीला जळजळ झाली, तर वाट न बघता तपासायला आणायचं.

त्या रात्री कॅलेंडर काढलं आणि त्याच्या शेजारी आडवा झालो. म्हटलं, "तुला एक सांगू? मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट."

मे महिना, मामाचं गाव, गच्चीवर ओळीनं नऊ पोरं झोपलेली. पहाटे जाग आली ती ओल्या गोधडीत. दोन्हीकडे मामेभाऊ. उजाडायच्या आत मरण आलं तर बरं, असं वाटत होतं. तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. माझ्याकडे एकदाच बघितलं. दुसऱ्या क्षणी अख्खा तांब्या माझ्या गोधडीवर आणि मामी सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं बाई! सांडला की गं माझ्या हातून!" पोरं उठली, हसली, मामीला. गोधडी कठड्यावर गेली, आणि ती का ओली आहे हे कुणी विचारलं नाही.

"तिला कळलं होतं?" चिरंजीवांनी विचारलं.

"कळलं होतं."

"आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही?"

"कुणालाच नाही. मीही आज पहिल्यांदा सांगतोय."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी बाटली नव्हती सांडली." म्हटलं, माहीत आहे. थाप त्याचीही पाणी सांडल्याचीच होती आणि मामीचीही. मूल ती एकट्यानं मारतं तेव्हा ते लपत असतं. मोठं माणूस ती आपल्या अंगावर घेतं, तेव्हा त्याला पांघरूण घालणं म्हणतात. पुढच्या भेटीत बाईंना मी माझं उत्तर दुरुस्त करून दिलं. त्या नुसत्या हसल्या.

आठवं सरता सरता कधीतरी ते थांबलं. नक्की कुठल्या रात्री, ते सांगता येणार नाही. तोवर घरात कुणी मोजत नव्हतं.

मध्यंतरी मामीला फोन केला. मामी आता पंचाहत्तरीची आहे. म्हटलं, "मामी, गच्चीवरचा तो तांब्या आठवतो का गं? तेव्हा आभार मानायचे राहिलेच."

पलीकडे क्षणभर शांतता.

"आभार कसले रे? तो खरंच माझ्या हातून सांडला होता. मी तेव्हापासूनच मेली धांदरट. ते जाऊ दे, पोराला मे महिन्यात कधी पाठवतोस?"