खाडीपलीकडचा नंबर

आमचं काम डीप फ्रीझर, कोल्ड रूम आणि एसी दुरुस्तीचं. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली किनाऱ्यावरची हॉटेलं आणि शॅक, खाडीच्या अलीकडे आरोंदा, रेडी, शिरोड्यातले मासळीचे व्यापारी, ही आमची गिऱ्हाइकं. या धंद्यात गिऱ्हाईक चालत दुकानात येत नाही. त्याचा फोन येतो, आणि तो येतो तेव्हा कुठेतरी काहीतरी वितळायला लागलेलं असतं. ऑफिस मी सांभाळते. त्यामुळे 2024 च्या पावसाळ्यात ऑफिस पेडण्याहून आरोंद्याला आणायचं ठरलं, तेव्हा कपाटं कुठे ठेवायची याची चर्चा बाकीचे करत होते आणि मी टेलिफोनचा कागद घेऊन बसले होते.

हलायचं कारण साधं होतं. मोपचा विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झाला, त्यानंतर आसपासची भाडी चढली आणि पुढच्या भाडेकराराला जागामालकाने सांगितलेला आकडा आम्हाला झेपणारा नव्हता. आरोंद्यात दादांचं, म्हणजे आमच्या मालकांचं, वडिलोपार्जित चिरेबंदी घर रिकामं पडलं होतं. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. आमच्या मेकॅनिकांच्या गाड्यांना रोजच्या जाण्यायेण्यात फारसा फरक पडणार नव्हता. पावसाळ्यात शॅक उतरवलेले असतात, काम कमी असतं, म्हणून मुहूर्तही तोच धरला.

गाड्या पूल ओलांडतात, लँडलाइनचा नंबर ओलांडत नाही. गोव्याचा एसटीडी कोड 0832 आणि पुढे सात आकडे. आरोंदा सावंतवाडी तालुक्यातलं, तिथला कोड 02363 आणि पुढे सहाच आकडे. कोड बदलला की नंबर बदलतो, त्याला इलाज नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे, पण ती मोबाइलसाठी. मोबाइलच्या दृष्टीने तर ही हद्दच नाही, कारण मुंबई सोडून बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच टेलिकॉम सर्कल आहे. आरोंद्यात उभ्या असलेल्या माणसाचा फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

मग लँडलाइन बंदच करून टाका, सगळं मोबाइलवर घ्या, असं जवळजवळ प्रत्येकाने सुचवलं. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. मोबाइल एका माणसाच्या खिशात असतो. तो माणूस शिडीवर चढून कंडेन्सर धूत असेल तर फोन वाजून बंद होतो. तो एका गिऱ्हाइकाशी बोलत असेल तर दुसऱ्याला व्यस्त लागतो, आणि व्यस्त लागलेलं गिऱ्हाईक पुढचा नंबर शोधतं. ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजवर, तीन लाइन हंटिंगला टाकल्या की पहिली गुंतली असेल तर फोन आपोआप दुसरीवर जातो आणि जो मोकळा असेल तो उचलतो. मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा सगळ्यांचेच फ्रीझर एकदम कुरकुरायला लागतात, तेव्हा ही सोय नसेल तर ऑफिस असून नसल्यासारखं.

त्याहून मोठी अडचण जुन्या नंबराची होती. तो नेमका कुठे कुठे लिहिलेला आहे, याची यादी करायला घेतली. बिलबुकं, गाडीचं दार, गूगल मॅप, बँक, कॉम्प्रेसर पुरवणारे व्यापारी, ही सगळी एका बैठकीत सुचली. खरी यादी मेकॅनिकांनी सांगितली. सर्व्हिस झाली की मशीनच्या बाजूला आम्ही स्टिकर लावतो, तारीख आणि फोन नंबर घालून. तेलकट हातांनी स्टिकर निघून जातो म्हणून कित्येक स्वयंपाकघरांत आचाऱ्याने तोच नंबर मार्करने फ्रीझरच्या झाकणावर किंवा टाइल्सवर लिहून ठेवलेला असतो. तो पुसायला आपण कधी जाणार? नवा मालक, नवा मॅनेजर येतो, पण झाकणावरचा नंबर तसाच राहतो.

म्हणून जुनी लाइन सोडायची नाही असं ठरवलं. पेडण्यात ओळखीच्या एका दुकानाच्या कोपऱ्यात ती हलवली आणि तिथून नव्या नंबरवर कॉल फॉरवर्ड केली. भाडं भरावं लागतं, फॉरवर्ड झालेल्या फोनचा खर्चही आपल्याच माथी येतो. पण गिऱ्हाइकाच्या कानावर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ हे वाक्य पडण्यापेक्षा तो खर्च स्वस्त. सोबत स्टिकर बदलायची मोहीम घेतली. मेकॅनिक जिथे जाईल तिथे आधी नवा स्टिकर, मग स्क्रूड्रायव्हर. राज्य बदललं म्हणून जीएसटीची नोंदणीही महाराष्ट्रात नव्याने करावी लागली, ती राज्यागणिक वेगळी असते. बिलबुकं तशीही नवी छापायचीच होती. पण छापखान्यात मजकूर मी नवा नंबर लागून त्यावर प्रत्यक्ष फोन येईपर्यंत दिला नाही. अर्ज मंजूर होणं आणि फोन वाजणं यात बरंच अंतर असतं.

मोबाइलच्या फॉरवर्डिंगबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण अनेकांच्या डोक्यात जुनी सवय आहे. स्टार 401 हॅश अशा यूएसएसडी कोडने फोन वळवण्याची सोय दूरसंचार विभागाच्या आदेशाने 15 एप्रिल 2024 पासून थांबवली गेली. फसवणूक करणारे लोक बोलण्यात गुंगवून हाच कोड दाबायला लावत होते. आपल्या माणसांनाही हे सांगून ठेवायला हवं: कुणी अनोळखी माणूस फोनवर असा कोड दाबायला सांगत असेल तर फोन ठेवून द्यायचा.

जागेवर काम सुरू झालं तेव्हा पहिला विरोध भिंतींनी केला. जांभ्या चिऱ्याच्या रुंद भिंती. पडवीत ठेवलेल्या कॉर्डलेसचा आवाज माजघरात पोचेपर्यंत तुटायचा आणि वाय-फायची तीच गत. इंटरकॉमवाल्या भाऊंनी सरळ सांगितलं की प्रत्येक टेबलापर्यंत तार न्या. ती गिलाव्याच्या आधी न्यायची होती, म्हणून गवंडीकाकांना दोन दिवस थांबवून पाइप टाकून घेतले, प्रत्येक जागी एक जादा तारेसह. अर्थिंगसाठी खड्डा खणला तेव्हा खाली पुन्हा चिराच. चिऱ्यात अर्थिंग सहज मिळत नाही, म्हणून जागा बदलून विहिरीजवळच्या ओल्या मातीत खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरून. वैशाखातल्या वळवाच्या विजांनी ईपीएबीएक्सची कार्डं जळाल्याचे किस्से आपल्याकडे घरोघरी आहेत. आत येणाऱ्या प्रत्येक लाइनवर वीजरोधक बसवला आणि तो अर्थिंगला जोडला आहे का, हे मी स्वतः उभं राहून बघितलं.

नवी लाइन तांब्याची मिळणार नव्हती, फायबरची मिळाली. तिच्यावर आवाज स्वच्छ आहे, पावसात खरखर नाही. पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधल्या बॅटरीचे 48 व्होल्ट येत, त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या टोकाला आपल्या घरात जी पेटी असते तिला आपलीच वीज लागते. वीज गेली की फोन गेला. मे 2021 मधल्या तौक्ते वादळात आमच्या किनाऱ्यावर खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं अंधारात राहिली. फ्रीझरवाल्याला सर्वांत जास्त फोन वीज गेल्यावरच येतात, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन मुका! म्हणून फायबरची पेटी आणि ईपीएबीएक्स यांच्यासाठी स्वतंत्र बॅटरी बसवली, जिच्यावर दुसरं काहीही जोडायचं नाही. मोबाइल चार्जरसुद्धा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायला 0 दाबायचा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना नंबराआधी 0 लावावा लागतो. म्हणजे आमच्याकडे दोन शून्यं. नवीन माणूस हटकून एकच दाबायचा आणि फोन लागत नाही म्हणून तक्रार करायचा. नव्या जागी बाहेरच्या लाइनसाठी 9 ठेवला आणि तातडीच्या मदतीचा 112 मात्र आधी काहीही न दाबता थेट लागेल असं प्रोग्रॅमिंग करून घेतलं. घाबरलेल्या माणसाला 9 आठवत नाही.

आता होल्डचं. माझा जीव सगळ्यात जास्त यात अडकला होता.

होल्डवर संगीत ऐकवायची कल्पना अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराची. त्याच्या कारखान्यात टेलिफोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली, शेजारच्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम लाइनवर ऐकू यायला लागला आणि थांबलेल्या लोकांना ते आवडलं. 1962 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1966 मध्ये ते मिळालं. पेडण्याच्या ऑफिसात आमच्याही होल्डवर एक सिनेमाचं गाणं होतं. ते काढायचं हे मी पक्कं ठरवलं. एकतर असं गाणं धंद्याच्या फोनवर वाजवायला हक्कदारांची परवानगी लागते. दुसरं म्हणजे ते नीट ऐकूच येत नाही. साध्या टेलिफोनवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, आणि मोबाइलचं तंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेलं असल्याने वाद्यमेळ त्यात फाटतो. शिरोड्याच्या एका काकांनी मला एकदा सांगितलं होतं, “बाय, तां गाणां लागला काय माका वाटता फोन कट झालो.”

मुख्य म्हणजे मला वाटायचं, की ज्याचा फ्रीझर बंद पडलाय त्याला त्या मिनिटभरात गाणं ऐकायचंच नसतं. त्याला विचारायचं असतं, मी आत्ता काय करू? मग तेच उत्तर होल्डवर ठेवूया. मेकॅनिकांना बसवून विचारलं की तुम्ही पोचायच्या आधी गिऱ्हाइकाने काय केलं तर माल वाचतो. त्यातून मजकूर निघाला: फोन ठेवू नका, आम्ही येतोच आहोत. फ्रीझरचं दार उघडू नका. मशीन बंद केलं असेल तर पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करा. मॉडेल नंबर मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर असतो, तो बघून ठेवा. एवढंच. दाराचं वाक्य मुद्दाम वर ठेवलं, कारण भरलेला घरगुती डीप फ्रीझर दार न उघडता साधारण 48 तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला 24 तास. लोक मात्र दर दहा मिनिटांनी उघडून बघतात. पाच मिनिटांचं वाक्य कॉम्प्रेसरसाठी. आतला दाब समान व्हायच्या आत चालू केलं तर तो धापा टाकतो आणि जळूही शकतो.

‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य घालावं असा आग्रह झाला. मी घातलं नाही. महत्त्वाचा असेल तर उचला.

भाषा मराठी ठेवली आणि पाठोपाठ तेच हिंदीत, कारण हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली बरीचशी मुलं बाहेरची. कोकणी आणि मालवणी प्रत्यक्ष बोलण्यासाठी राखली. आवाज आमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या मुलीचा. तिला सांगितलं की वाच नको, समोर मासे घेऊन घाबरलेली आते उभी आहे असं समजून सांग. रात्री पंखा बंद करून, माजघरात गोधडी टांगून मोबाइलवरच रेकॉर्ड केलं. दोन निवेदनांच्या मध्ये थोडी पेटी आहे, दशावतारात पायपेटी वाजवणाऱ्या एका काकांनी वाजवलेली. त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतली आणि मानधनही दिलं. एकच पेटी असल्याने ती फोनवर फाटत नाही. ‘फोन ठेवलात तरी आम्ही परत लावू’ हेही घालायचं होतं, पण जुन्या लाइनवरून वळून आलेल्या फोनवर कधी गिऱ्हाइकाचा नंबर दिसायचा, कधी आमचाच जुना. पाळता येणार नाही ते वचन रेकॉर्डिंगमध्ये कशाला? ‘फोन उचलल्यावर आधी तुमचा नंबर सांगा’ असं केलं.

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला तेव्हा रेडीच्या एका मासेविक्रेत्या आतेचा फोन आला. बाकीच्या दोन्ही लाइन गुंतल्या होत्या, ती तिसरीवर होल्डवर थांबली. मेकॅनिक पोचला तेव्हा ती फ्रीझरच्या झाकणावर गोणपाट घालून बसली होती. त्याला म्हणाली, “तुमच्या फोनातल्या चेडवान सांगल्यान दार उघडू नको, म्हणान मिया उघडूकच नाय.” रिले गेला होता, तो बदलला. सुरमई शाबूत होती.

तुमचं ऑफिस हलणार असेल तर जागेचा करार करण्याआधी तिथे कोणता कोड आणि कोणती लाइन मिळते ते विचारा, आणि गिलाव्याच्या आधी तारा टाका. सगळं झालं की बाहेरच्या एखाद्या फोनवरून स्वतःच्याच ऑफिसला फोन लावा आणि कुणालाही न सांगता पूर्ण वेळ होल्डवर थांबा. तुमचं गिऱ्हाईक काय ऐकतं, ते एकदा तुम्हीही ऐका.