निरोप्या

मार्गासनीच्या आमच्या घरात फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा असे. थोरल्या काकांनी मुंबईहून आणलेला, विलायती बिस्किटांचा. बिस्किटं कुणी खाल्ली ठाऊक नाही, माझ्या वाट्याला झाकणावरचं चित्र आलं. कुरळ्या केसांचं गुबगुबीत, उघडं पोर आणि त्याच्या पाठीला बगळ्यासारखे दोन पंख.

"हे कोण गं?" मी आजीला विचारलं.

तिनं झाकण दाराच्या उजेडात धरलं. "कुनाचं तरी लेकरू हाय. थंडीचं उघडं सोडलंय बघ." पंखांचं तिला काहीच वाटलं नाही.

'देवदूत' हा शब्द शाळेत गुरुजींनी दिला. दूत म्हणजे निरोप्या, एवढंच ते म्हणाले. पुढे कॉलेजात कळलं की ज्या ग्रीक शब्दातून 'एंजल' आला, त्या 'अँगेलोस'चाही अर्थ निरोप्या असाच आहे. पंख चित्रकारांनी नंतर लावले असावेत. आपल्याकडे तर असा दूत गावोगावी शेंदूर फासून उभाच आहे. रामदूत मारुती अशोकवनात गेला तेव्हा त्यानं सीतेला पाठीवर बसवून नेण्याची तयारी दाखवली होती. तिनंच नकार दिला. मग त्याच्या हातून तिला मिळालं काय? एक अंगठी आणि निरोप. पहारा तोच, झाडं तीच, राक्षसिणीही त्याच. तरी अंगठी मिळण्याआधीची कैद आणि नंतरची कैद एकच होती, असं म्हणवत नाही.

डब्यात आजोबांनी एक पुस्तक ठेवलं होतं, विनोबांची 'गीता प्रवचने'. इथे निरोपाची दिशा उलटी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला आणि अठरावं १९ जूनला. समोर बसून ते सगळं लिहून घेत होते साने गुरुजी. ती लेखणी नसती तर अठरा रविवारचं ते बोलणं तुरुंगाच्या आवारातच विरून गेलं असतं. विनोबांची थोरवी सगळे सांगतात. मला मात्र मान खाली घालून लिहिणारा तो माणूसच जास्त दिसतो. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच माणसानं पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. तोही आईचा निरोपच म्हणायचा.

हे सगळं मला माहीत होतं, पण पुस्तक वाचलेलं नव्हतं. घरातली पुस्तकं अशीच राहतात.

मग एका आषाढात लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. घरी सोडताना बजावलं, पाय टेकायचा नाही. पावसाळ्यात आमच्या खोऱ्यात आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. एक खाट, एक जाळीची खिडकी, पन्हाळीचं पाणी. डबा मागवून घेतला आणि ठरवलं, रविवारी एकच अध्याय वाचायचा, तुरुंगातल्यांना मिळत होता तसा.

पहिले काही रविवार नुसती चिडचिड झाली. तुरुंगाला आश्रम म्हणणं बाहेरच्यांना फार सोपं जातं. आत माणसं खचतातही. गुरुजींसारखा माणूस बाहेर येऊन, देश स्वतंत्र झाल्यावर, ११ जून १९५० रोजी स्वतःच जगाचा निरोप घेऊन गेला. बंदिवासात माणूस मोकळा होतो, असं सरसकट लिहिणाऱ्यानं ही तारीख गाळू नये.

तेरावा अध्याय आला तेव्हा भात निसवत होतं. गीता तिथं देहाला क्षेत्र म्हणते, म्हणजे शेत, आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द वेगळा ऐकू येतो. खाचरात पाणी तुंबलं म्हणून बांधावर उभा असलेला माणूस काही बुडत नाही. त्या रात्री पाय ठणकत होता आणि ठणकतोय हे मला कळत होतं. या दोन्हींत बोटभर फट आहे, एवढंच दिसलं. साक्षात्कार वगैरे नाही. सकाळी फट बुजली होती, नंतर कधी दिसे, कधी नाही. पण तेवढ्या वेळापुरती खोली मोठी होई.

रोज संध्याकाळी शेजारचा सातवीतला पोरगा येई. कुठल्या खाचराचा बांध फुटला, कुणाची म्हैस व्याली, एसटी कुठं बंद पडली, सगळं दारातूनच सांगे. एकदा तो पळत आला तेव्हा वाऱ्यानं त्याची प्लास्टिकची खोळ पाठीमागं दोन्ही बाजूंना फडफडत होती. मी झाकणाकडे बघितलं आणि त्याला म्हटलं, "आधी अंग पूस."

कार्तिकात कुबड्या सुटल्या. पुस्तक त्या पोरानं मागून नेलं, अजून परत आणलेलं नाही. आता तो शिकायला पुण्यात असतो. डब्यात आम्ही इंद्रायणीचं बियाणं ठेवतो.