स्वेच्छेने सोडले

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. गेटपास, हजेरी, ओव्हरटाइमचा हिशोब, एवढंच माझं जग. त्या बावीस वर्षांत एक वाक्य मी घरीदारी सतत बोललो : "आताची पोरं टिकत नाहीत." सुरगाणा, पेठ, खानदेश, मराठवाडा, कुठकुठून यायची. सात महिने झाले की गायब. यांना घाम नको, शिस्त नको, हे माझं पक्कं मत होतं. माझ्या मुलांनाही मी त्यांचंच उदाहरण देऊन दटावायचो.

निवृत्तीनंतर दत्तनगरमध्ये लोकांचे पीएफचे फॉर्म भरून द्यायला लागलो. एका रविवारी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आला. सुरगाण्याकडचा, आयटीआय झालेला. पैसे अडकले होते. कॅरिबॅगमधून त्याने पाच गेटपास काढून टेबलावर ठेवले. पाच ठेकेदार, पाच फोटो. पहिल्या फोटोत मिसरूड फुटत होतं, पाचव्यात गाल बसलेले. आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांचं, त्यामुळे पीएफचे यूएएनही दोन झालेले.

"किती कंपन्या बदलल्यास रे?" मी जरा रागानेच विचारलं.

"दोनच, साहेब. यातले तीन पास तुमच्याच गेटचे आहेत."

मी पास हातात घेतले. खाली सही माझी होती. तिन्हींवर.

खरं तर मला सगळं ठाऊक होतं, आणि तेच सांगायला आज बसलो आहे. १९५९च्या स्थायी आदेशांच्या नियमांत तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करायचं, असं होतं. ते दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी 'ब्रेक' द्यायचा. ब्रेकची यादी दर महिन्याला माझ्याच टेबलावर तयार व्हायची. मुलगा महिना-दोन महिने गावी बसायचा किंवा नाक्यावर उभा राहायचा, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत त्याच मशीनवर. रजिस्टरात शेरा मी लिहायचो : 'स्वेच्छेने सोडले.' शेकडो वेळा लिहिला. लिहून लिहून तो मला खरा वाटायला लागला. हाताने खोटं लिहीत होतो आणि तोंडाने त्याच पोरांना दोष देत होतो, हे दोन्ही एकाच माणसात इतकी वर्षं सुखाने कसं राहिलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्या ब्रेकची किंमत मी समोर बसलेल्या मुलाकडून ऐकली. खोलीत सहाजण, झोपायचं शिफ्टप्रमाणे. ब्रेक लागला की खानावळीचं उधार. दोन ठिकाणी सोयरीक मोडली, कारण मुलीकडचा पहिला प्रश्न "परमनंट आहे का?" प्रेसवर हात बसायला सहा महिने लागतात, हात बसला की बाहेर, नव्या ठेकेदाराकडे पुन्हा हेल्पर. एवढी वर्षं काम करून त्याच्याकडे अनुभवाचा एक दाखला नव्हता.

गुन्हेगारीच्या बातम्यांत अंबडचं नाव आलं की लोक म्हणतात, पोरांना वळण नाही. मीही म्हणायचो. आता कुणी असं बोललं की मी आधी विचारतो, त्याला सलग काम कुणी दिलं होतं का? सगळ्याचं कारण तेवढंच आहे असं नाही. पण विशीतल्या मुलाला आठव्या महिन्यात आपण कुठे असू हेच माहीत नसेल, तर त्याने कशाच्या भरवशावर जम बसवायचा?

नाव दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी भरला. दोन खाती जोडायला पुढे तीन खेपा झाल्या, आणि एका ठेकेदाराने हप्तेच भरले नव्हते ते गेलेच. शेवटी पैसे काढायचा फॉर्म समोर घेतला. नोकरी सोडण्याचं कारण, या रकान्याशी मी थांबलो.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुम्ही नेहमी काय लिहिता, साहेब?"

त्याने ते साधेपणाने विचारलं होतं. मी लिहिलं, 'ठेकेदाराने काम बंद केले', आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.