तुसाची थोरवी

आपल्या भाषेने तुसाला कधी मान दिला नाही. कोंड्याचा निदान मांडा तरी होतो. तूस कांडणे म्हणजे मात्र शुद्ध निष्फळ उद्योग! आमच्या महाड-पोलादपूरकडे दिवाळीच्या सुमारास भातकापणीची घाई असते, आणि पुढे गिरणीमागे तुसाचा पिवळा डोंगर उभा राहतो. शंभर किलो भात भरडले की वीसेक किलो तूस. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, ते लवकर कुजत नाही, आणि पेटवले तर दिवसभर नुसते धुमसत राहते.

आमच्या घरी त्याची राखुंडी होई. आजीने जन्मभर तिनेच दात घासले. उतारवयातही तिचे सगळे दात जागच्या जागी होते. फक्त झिजून निम्मे उरले होते. मऊ राखेने दात झिजावेत ह्याचे मला फार नवल वाटे. उलगडा झाला तो पुढे रसायनशास्त्र वाचताना. तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख, आणि त्या राखेत नऊ-दशांशाच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य!

ही सिलिका येते सह्याद्रीच्या कातळातून. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा म्हणजे काळ्या कातळातली सिलिका पावसाने युगानुयुगे धुऊन नेल्यावर मागे राहिलेला लोखंडी अवशेष. ते धुणे अजून चालूच आहे. सावित्री तिथूनच उगम पावून पोलादपुरावरून महाडला येते. शेतातल्या पाण्यात विरघळलेली सिलिका भाताचे मूळ शोषून घेते. पाणी उडून जाते आणि सिलिका खरवसासारखी थिजून तुसाच्या पेशींत बसते.

रसायनशाळेत हाच खरवस मोठ्या खर्चाने करतात. सिलिकॉनचे एक महागडे द्रव, अल्कोहोल, पाणी आणि आम्लाचे चार थेंब. पातळ असते तोवर ते ‘सोल’, थिजले की ‘जेल’. त्यात आधीच साखर किंवा राळ मिसळलेली असते, ती कार्बनसाठी. मग वाळवून, हवा वगळून, आर्गॉन वायूत सुमारे १५०० अंशांवर भाजले की सिलिकॉन कार्बाइडची पूड तयार.

एवढा खटाटोप कशाला? १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसनने माती आणि कोळसा विजेने तापवून हा पदार्थ केला. कार्बन आणि कुरुंद ह्यांचा हा संयोग असावा असे वाटून त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. नाव चुकले, पण त्यात आपला कुरुंद अजरामर झाला! पुढे वाळू-कोळशावर चालणाऱ्या त्याच्या भट्टीला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. वाळू आणि कोळसा तिथे वऱ्हाडांसारखे दोन मांडवांत बसलेले असतात. निघतात ते मोठे खडे. कठीणपणात हिऱ्याच्या जवळ जाणारी वस्तू दळायची म्हणजे जातेच झिजून पिठात येते. जेलमध्ये मात्र सिलिका आणि कार्बन शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे कण जन्मतःच बारीक, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही दसपट एवढे. अशा पुडीचे दाबून केलेले भाग कमी उष्णतेत घट्ट भाजले जातात.

तुसात हे शेजार निसर्गानेच जमवून ठेवले आहे. सिलिका आहे, काष्ठद्रव्याच्या रूपाने कार्बनही आहे. १९७५ साली ली आणि कटलर ह्या संशोधकांनी भाताच्या तुसापासून सिलिकॉन कार्बाइड केल्याचे प्रसिद्ध केले. तूस आधी आम्लाने धुऊन पोटॅश, चुना काढावा लागतो, हे खरे. शुद्धतेत प्रयोगशाळेचा खरवस सरस, हेही मी मान्य करतो. पण राखुंडी करणाऱ्या हातांना ह्या रसायनाची अर्धी वाट ठाऊक होती, असे मला उगीचच वाटते.

हे सारे मी एकदा आमच्याकडच्या एका गिरणीवाल्याला रंगवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग किलोला काय भाव द्याल?”

तूस फुकट मिळेल, पण १५०० अंशांची भट्टी आणि आर्गॉन फुकट मिळणार नाही, हे त्याला सांगणे भाग होते. तो हसला. “मग भट्टीवाले आले की सांगा, भाऊ,” तो म्हणाला, आणि उरलेले तूस वीटभट्टीच्या ट्रकात भरायला लागला.