अकरा जणांना पाठवा

ती. मावशीस,


परवा तू घरच्या ग्रुपवर बालाजीचा फोटो टाकलास, खाली 'अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता कळेल'. त्यावरून पोरांनी तुझी जी टर उडवली ती मला रुचली नाही. तू गप्प बसलीस, म्हणून तुझ्या वतीने मीच लिहितो.

त्यांना वाटतं हे मोबाइलचं खूळ आहे. 'जय संतोषी माँ' हा सिनेमा १९७५ साली आला, त्यानंतर दारात पडणारी ती निनावी पोस्टकार्डं त्यांना कुठून माहीत असणार? वर देवीचा जयजयकार, मग कुणाला लॉटरी लागली, कुणी कार्ड फाडलं तर त्याचं पोर दगावलं, आणि शेवटी इतकी कार्डं इतक्या दिवसांत लिहा. चंगळ झाली ती पोस्टाची.

गंमत म्हणजे देवी वगळली तरी पत्र तेच राहतं. अमेरिकेत फिरणाऱ्या अशाच एका पत्रात कचेरीतला एक नोकरदार आहे. ९६ तासांत पत्र पुढे धाडायचं तो विसरतो आणि नोकरी गमावतो. पुढे पत्र सापडतं, तो वीस प्रती धाडतो, आणि आधीपेक्षा चांगली नोकरी लागते. दुसरा एक जण विश्वासच ठेवत नाही, पत्र फेकतो. नऊ दिवसांत मरतो.

ओळखलास ना नोकरदार? सत्यनारायणाच्या कथेतला आपला साधुवाणीच तो! बोललेली पूजा विसरला, तुरुंगात गेला, पूजा झाली तसा सुटला. पण त्या कथेत तुंगध्वज राजाही आहे. गवळ्यांचा प्रसाद त्याने तुच्छतेने टाकला, सगळं गमावलं, आणि परत येऊन प्रसाद घेतल्यावर सगळं मिळालंही. कथा हेटाळणी करणाऱ्यालाही परतीची वाट ठेवते. पत्र फक्त विसरणाऱ्याला माफ करतं, न मानणाऱ्याला नाही. इथे ते मला कोतं वाटतं. शिवाय कथेला शेजारपाजार लागतो, शिरा लागतो. पत्राला नुसती नक्कल पुरते. नक्कल हीच पूजा.

त्या नकलेतच खरी मौज आहे. चार्ल्स बेनेट, मिंग ली आणि बिन मा या तिघा संशोधकांनी १९८० ते १९९५ या काळात मिळालेली अशी ३३ पत्रं घेतली आणि प्राण्यांची वंशावळ लावतात तशी त्यांची वंशावळ लावली. 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये जून २००३ ला तो लेख आला. त्या नोकरदाराची २३ नावं निघाली, मूळ लेखकाची २५! झेरॉक्सची झेरॉक्स काढत अक्षरं पुसट व्हायची, मग कुणीतरी अंदाजाने नव्याने टाइप करायचं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. श्रावणातल्या कहाण्या गावोगाव बदलल्या त्या अशाच, आणि त्यांनाही कर्ता नाही. आपण त्यांना लोकसाहित्य म्हणतो, पत्राला मात्र अडाणीपणा. पोस्टकार्डावरचा तो दगावलेला पोरगा मलाही सहन होत नाही. पण म्हणून पत्र लोकसाहित्यातून बाद होत नाही.

तुझ्या फॉरवर्डात मात्र नकलेतली ही मौजच उणी आहे. बोट दाबलं की अक्षर न् अक्षर तसंच पुढे जातं, चूक होत नाही, म्हणून नवं काही उगवतही नाही. त्यात २०१८ साली व्हॉट्सॲपने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली, म्हणजे अकरांसाठी तुला निदान तीन खेपा कराव्या लागल्या असणार. पोरांना तेही दिसलं नाही.

एक काम कर. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत, त्यांत संतोषीमातेचं एखादं कार्ड असेल तर चुकांसकट मला पाठव. प्रत एकच पुरे, आणि ९६ तासांची अट नाही.

तुझा,
बाळ्या