तपासणीचा पहिला कागद

‘सर्टिफाइड’ म्हणून विकली जाणारी जुनी गाडी शोरूमवाले खरोखर किती तपासतात, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या पाहण्यातच हयात गेली. माझं उत्तर असं की, तपासतात, आणि कसून तपासतात, पण स्वतःसाठी.

मारुतीनं २००१ साली जुन्या गाड्यांसाठी ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केलं. आज तिथं ३७६ मुद्द्यांची तपासणी होते असं सांगितलं जातं, इतर कंपन्यांचेही असेच आकडे आहेत. आकडा ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण यादीत वायपर चालतो का याला एक टिक आणि एअरबॅगलाही एकच टिक. कशावर जीव अवलंबून आहे, ते आकड्यात दिसत नाही.

खरी तपासणी होते ती तुम्ही जुनी गाडी एक्सचेंजला नेता तेव्हा. शोरूमचा एव्हॅल्युएटर पत्र्यावर मीटर टेकवतो. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. मीटरनं पाचशे-सातशे दाखवले की खाली पुट्टी आहे. बॉनेट उघडून तो बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे शोधतो. मग एप्रन बघतो. हे जरा सविस्तर सांगायलाच हवं. एप्रन म्हणजे इंजिनाच्या दोन्ही अंगांचा, सस्पेन्शनला धरून ठेवणारा पत्रा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड एकसारखे गोल आणि ठरावीक अंतरावर असतात. गॅरेजमध्ये जोडलेल्या एप्रनवर ते वेडेवाकडे दिसतात किंवा सीलंटखाली दडपलेले असतात. दार, फेंडर बदलला तर बिघडत नाही. एप्रन, पिलर किंवा लाँग मेंबर हे सांगाड्याचे भाग सरळ केलेली गाडी मात्र अपघाती म्हणूनच विकली पाहिजे, हे मी वर्षानुवर्षं भांडून सांगत आलोय. ‘पिलरला हात लागलेला नाही, म्हणजे नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ ही बाजारातली व्याख्या मला मान्य नाही.

एव्हॅल्युएटर हे सगळं एका कागदावर टिपतो, कारण प्रत्येक दोषामागं किंमत पाडता येते. मग डेंटिंग-पेंटिंग होतं, आतून धुलाई होते आणि दुसरा कागद तयार होतो. त्यावर सगळं हिरवं. विकत घेणाऱ्याच्या हाती पडतो तो हा दुसरा.

अलीकडचंच एक प्रकरण डोक्यातून जात नाही. पुण्यातल्या एका शिक्षक दांपत्यानं एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची सर्टिफाइड हॅचबॅक घेतली. काही महिन्यांत एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. मी पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं, तर वाळलेला गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा अशा किती गाड्या बुडाल्या! एअरबॅगचं मॉड्यूल बहुधा मधल्या कन्सोलखाली, अगदी तळाशी असतं. कनेक्टरच्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. स्कॅनर लावून कोड पुसला की विक्रीच्या दिवशी दिवा विझलेलाच दिसतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की आम्ही टोटल लॉस धरतो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. प्रत्यक्षात सॅल्व्हेज, म्हणजे अशी निकामी गाडी, आरसीसकट विकलं जातं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकृत करून घेण्याचे नियम आले. मालकी हस्तांतराची जबाबदारी त्यामुळं स्पष्ट झाली, हे चांगलंच. गाडीतले दोष गिऱ्हाइकाला लेखी सांगण्याची सक्ती तशीच व्हायला हवी. तोवर शोरूमनं ती गाडी घेतली तेव्हाचा पहिला कागद मागा. दिला नाही, तर उठून या.

त्या दांपत्याला शोरूमनं सांगितलं की वॉरंटी फक्त इंजिन-गिअरबॉक्सची आहे. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढं आहे. अहवालाला मी गाळाचे आणि पिनांचे फोटो जोडलेत, आणि एव्हॅल्युएटरचा तो पहिला कागद हजर करायला लावा, असं त्यांच्या वकिलांना सांगितलंय.